‘फरक नाही’ म्हणजे नेमकं काय? मनगटातली तार, दोन चाचण्या आणि यवतमाळ



संशोधनाची तयारी करणाऱ्यांच्या सिनॉप्सिस वाचताना एक वाक्य सारखं भेटतं : ‘परदेशातल्या मोठ्या चाचणीत दोन्ही उपचारांत फरक आढळला नाही, म्हणून...’ त्या ‘म्हणून’पुढे मग काहीही लिहिलेलं असतं. कुणी लिहितं, म्हणून स्वस्त उपचारच करावा. कुणी लिहितं, म्हणून शस्त्रक्रियेची गरजच नाही. आज असाच एक ‘फरक नाही’ आपण उघडून बघू. विषय हाडांच्या डॉक्टरांचा आहे, पण तुमचा विषय समाजशास्त्र असो की शेती, वाचण्याची पद्धत तीच लागते.

आधी एक बाई डोळ्यांपुढे आणा. ती कल्पनेतली आहे, पण यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. राळेगाव तालुक्यातलं गाव, वय पंचावन्न, स्वतःची थोडी कोरडवाहू जमीन आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या वावरात मजुरी. ऑगस्टमध्ये निंदणाला जाताना धुऱ्यावरून पाय घसरला आणि ती हात टेकवून पडली. मनगटाजवळचं रेडियस हाड मोडलं आणि मोडलेला तुकडा मागच्या बाजूला सरकला. दसऱ्यानंतर बोंडं फुटतील, वेचणी सुरू होईल आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते. मनगट कसं जुळतं आणि किती लवकर कामाला लागतं, यावर तिचा हंगाम अवलंबून आहे.

तिच्यापुढे मुख्यतः तीन वाटा आहेत. हाड ओढून जागेवर बसवायचं आणि प्लास्टर घालायचं. हाड बसवून त्यातून दोन-तीन तारा घालायच्या आणि वर प्लास्टर करायचं. किंवा चीर देऊन धातूची पट्टी स्क्रूनं बसवायची, जिला आपल्याकडे सगळे ‘प्लेट टाकली’ म्हणतात.

तारेबद्दल थोडंसं. तिला के-वायर म्हणतात. ‘के’ म्हणजे किर्शनर. मार्टिन किर्शनर या जर्मन सर्जननं १९०९ मध्ये ही तार वापरात आणली, ती मोडलेलं हाड वजन लावून ओढून धरण्यासाठी. त्याच्या दोन वर्षं आधी, १९०७ मध्ये, स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ स्टाइनमन यांनी याच कामासाठी जाड पिन वापरली होती. तिला आजही स्टाइनमन पिन म्हणतात. हाडाचे तुकडे एकमेकांना टाचून ठेवण्याचं काम तारेकडे पुढे आलं. ती गुळगुळीत, टोकदार, स्टीलची असते. मनगटासाठी साधारण दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची घेतात. कातडीतून थेट आत घालता येते, मोठी चीर लागत नाही. टोक बऱ्याचदा कातडीबाहेर ठेवून वाकवतात, म्हणजे चार ते सहा आठवड्यांनी ओपीडीतच ओढून काढता येतं. प्लेट आणि स्क्रू तारेपेक्षा कितीतरी महाग. मात्र प्लेट बसवली की मनगट लवकर हलवायला सुरुवात करता येते, असा तिच्या बाजूचा युक्तिवाद आहे.

आता पहिली चाचणी. तिचं नाव ड्राफ्ट. मॅथ्यू कोस्टा आणि सहकाऱ्यांनी ती ब्रिटनमध्ये केली आणि २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. १८ केंद्रं, ४६१ प्रौढ रुग्ण. कुणाला तार आणि कुणाला प्लेट, हे डॉक्टरनं ठरवायचं नाही. चिठ्ठी टाकावी तसं ठरायचं. असं केलं की तरुण, सधन, चांगल्या हाडांचे रुग्ण एकाच गटात जमा होण्याची भीती कमी होते. बारा महिन्यांनी रुग्णांनाच प्रश्नावली देऊन मनगट कसं आहे ते विचारलं. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, शंभर म्हणजे सगळ्यात वाईट. प्लेटवाल्यांची सरासरी १३.९ आली आणि तारवाल्यांची १५.३.

इथे बरेच जण थांबतात आणि ‘फरक नाही’ लिहून मोकळे होतात. तुम्ही थांबू नका, पुढचे दोन आकडे बघा. संशोधकांनी आधीच ठरवलं होतं की ६ गुणांहून कमी फरक रुग्णाला जाणवण्यासारखा नाही. आणि फरकाचा ९५ टक्के विश्वासार्हता अंतराल प्लेटच्या बाजूनं ४.५ गुणांपासून तारेच्या बाजूनं १.८ गुणांपर्यंत होता. म्हणजे खरा फरक या पट्ट्यात कुठेही असू शकतो, पण पट्ट्याचं एकही टोक ६ ला शिवत नाही. म्हणून हा निष्कर्ष खणखणीत आहे. ‘आम्हाला फरक दिसला नाही’ हे कुणीही म्हणू शकतं. ‘जाणवण्याइतका फरक असता तर आम्हाला दिसला असता’ हे म्हणायला हिंमत आणि पुरेसे रुग्ण, दोन्ही लागतं. ड्राफ्टकडे दोन्ही होतं.

आता हाच विषय आपल्याकडे कसा होतो ते बघा. ‘मनगटाच्या अस्थिभंगात के-वायर आणि प्लेट यांचा तुलनात्मक अभ्यास’ हा एमएसच्या प्रबंधांचा आवडता विषय. तीस रुग्ण इकडे, तीस तिकडे. शेवटी पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर येते आणि ‘दोन्ही उपचार समान परिणामकारक’ असं वाक्य पडतं. कागद-पेन घ्या. रुग्णांच्या गुणांचं प्रमाण विचलन १८ धरू. प्रत्येक गटात ३० रुग्ण असतील तर फरकाचा पट्टा मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ९ गुणांचा होतो. समजा मधला आकडा अगदी शून्य आला, तरी पट्टा उणे ९ ते अधिक ९. म्हणजे प्लेट ९ गुणांनी चांगली असू शकते, तारही ९ गुणांनी चांगली असू शकते, आणि आपल्याला जाणवणारा फरक ६ गुणांचा. या अभ्यासानं ‘समान’ असं काहीही दाखवलेलं नाही. त्यानं फक्त ‘कळलं नाही’ एवढंच दाखवलं, आणि ते लिहायला आपण लाजतो.

पट्टा एक तृतीयांश करायचा असेल तर रुग्ण नऊपट लागतात, म्हणजे एका गटात २७०. तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका विद्यार्थ्याला हे जमणार नाही. उपाय दोनच. एक तर चार-सहा महाविद्यालयांनी मिळून एकच आराखडा राबवायचा. यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अकोला, नागपूर, चंद्रपूर, सेवाग्राम, सावंगी ही नावं एका नकाशावर सहज येतात. नाही तर साठ रुग्णांत खरंच उत्तर मिळेल असा दुसरा प्रश्न विचारायचा. तिसरी वाट, म्हणजे साठ रुग्णांत चारशेचा प्रश्न विचारणं, ही सवय आहे, पद्धत नाही.

आता दुसरी चाचणी, ड्राफ्ट-२. तीही कोस्टा आणि सहकाऱ्यांचीच, २०२२ मध्ये त्याच नियतकालिकात आली. या वेळी प्रश्न आणखी धीट होता : हाड जागेवर बसवल्यावर तारेची तरी गरज आहे का, की नीट दाबून घातलेलं प्लास्टर पुरेल? ५०० रुग्ण, सरासरी वय ६०, त्यात ८३ टक्के बायका. बारा महिन्यांनी तारवाल्यांचे गुण २०.७ आणि प्लास्टरवाल्यांचे २१.२. पुन्हा फरक नाही.

राळेगावच्या बाईला मग प्लास्टर करून घरी पाठवायचं का? निकालाची दुसरी ओळ वाचा. प्लास्टरच्या गटातल्या ३३ जणांना, म्हणजे १३ टक्क्यांना, पहिल्या सहा आठवड्यांत शस्त्रक्रिया करावी लागली, कारण बसवलेलं हाड पुन्हा सरकलं. तारेच्या गटात अशी वेळ एकावरच आली.

या ३३ जणांचे गुण कोणत्या गटात मोजले? प्लास्टरच्याच. हे चूक नाही, हाच नियम आहे. चिठ्ठीनं ज्या गटात नेमला त्याच गटात रुग्ण मोजायचा, नाहीतर चिठ्ठी टाकण्याचा उपयोगच जातो. पण मग ‘प्लास्टर’ या शब्दाचा अर्थ बदलतो, तो लक्षात घ्या. या चाचणीत प्लास्टर म्हणजे नुसतं प्लास्टर नव्हतं. प्लास्टर, ठरल्या दिवशी एक्स-रे, हाड सरकलं की ते ओळखणारा डॉक्टर, आणि दर आठजणांतल्या एकासाठी वेळेत मिळणारं ऑपरेशन टेबल. हे सगळं मिळून जे झालं, ते तारेच्या तोडीस तोड ठरलं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत यातलं बरंचसं गृहीतच धरलेलं असतं. म्हणून शोधनिबंधाच्या मथळ्यात ते दिसत नाही. दिसत नाही म्हणून आपण ते उतरवून घेत नाही.

यवतमाळमध्ये हे गृहीत धरता येतं का? जिल्ह्यात १६ तालुके आहेत. उमरखेडच्या माणसाला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडतं, वणीच्या माणसाला चंद्रपूर. प्लास्टर एका गावी, पुढचा एक्स-रे दुसऱ्या जिल्ह्यात, आणि दोन्हीकडचे कागद एकमेकांना भेटतच नाहीत, असं सहज घडू शकतं. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवरून कितीतरी कुटुंबं हंगामात कामासाठी बाहेरगावी जातात. आणि आपल्या राळेगावच्या बाईचं काय? आठवड्यानं दाखवायला जायचं म्हणजे तिची एक मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची दुसरी, वर एसटीचं भाडं. ‘दुखत तं नाही ना, मग कायले जायचं?’ हा प्रश्न घरात कुणीतरी विचारतंच. हाड मात्र न दुखताही सरकतं. ते सहा आठवड्यांनी, प्लास्टर कापताना कळलं तर तोवर वाकडं जुळलेलं असतं.

इथे एक ढोबळ हिशोब करून बघा. शंभर जणांना प्लास्टर केलं तर ड्राफ्ट-२ च्या मानानं साधारण तेरा जणांचं हाड सरकेल. सगळे परत आले तर तेराही सापडतील. निम्मेच परत आले, तर सहा-सात जण वाकडं मनगट घेऊन कायमचे जगतील. परत न येणारे निम्मे कोण असतात? बहुतेक ज्यांना मजुरी बुडवणं सगळ्यात जड जातं, तेच. म्हणजे तोच शोधनिबंध, तोच उपचार, पण त्याची किंमत नेमकी ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडून वसूल होते.

तारेची बाजू घेण्यासाठी मी हे सांगत नाही. तारेलाही परत यावंच लागतं. टोक कातडीबाहेर असतं, तिथे चिखल, घाम, शेण लागलं तर पू होतो. तार वेळेत काढली नाही तर सैल होते, आत सरकते. मुद्दा असा की दोन्ही उपचारांना ‘परत येणं’ लागतं, पण न येण्याची शिक्षा दोन्हीकडे वेगळी आहे. तारेचं टोक बाहेर दिसतं, टोचतं, काढून टाकावंसं वाटतं. सरकलेलं हाड प्लास्टरच्या आत गप्प बसतं. बाहेर दिसणारी तार माणसाला दवाखान्यात परत आणते का? हा प्रश्न दोन्ही चाचण्यांनी विचारलेला नाही, कारण त्यांना विचारायची गरज नव्हती. आपल्याला आहे. आणि हा प्रश्न साठ-सत्तर रुग्णांत निदान चाचपून बघता येतो.

आता ती प्रश्नावली. ‘फरक नाही’ हे तिच्याच तोंडून आलेलं आहे, म्हणून तिची उलटतपासणी हवी. तिचं नाव पेशंट-रेटेड रिस्ट इव्हॅल्युएशन. प्रश्न पंधरा, त्यातले पाच दुखण्याबद्दल आणि दहा कामांबद्दल. कॅनडात तयार झालेली, चांगली तपासून घेतलेली ही प्रश्नावली आहे. तिच्यात नेमकी कामं विचारली आहेत ती अशी : दाराची मूठ फिरवणं, सुरीनं मांस कापणं, शर्टाची बटणं लावणं, हातावर जोर देऊन खुर्चीतून उठणं, दहा पौंडांची वस्तू उचलणं, टॉयलेट पेपर वापरणं.

हे सहा प्रश्न घेऊन राळेगावात जा. घराच्या दाराला कडी-कोयंडा आहे, फिरवायची मूठ नाही. भाजी विळीवर चिरतात. विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी धरलेला हात पुढे रेटावा लागतो, म्हणजे मनगटाची हालचालच वेगळी. बटणांपेक्षा निऱ्या महत्त्वाच्या. खुर्चीतून उठण्याऐवजी जमिनीवर तळहात टेकवून उठणं, आणि त्यात मनगट पुरतं मागे वाकून सगळा भार घेतं. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. पाण्याचा भरलेला गुंड याच्या दुपटी-तिपटीनं जड. टॉयलेट पेपरच्या जागी पाणी, आणि तेही डाव्या हातानं. म्हणजे कोणता हात मोडला यावर उत्तर बदलतं. भाकरी थापणं, कपडे पिळणं, विळ्यानं कापणं, बोंडातून कापूस ओढणं याबद्दल प्रश्नच नाही. घरकाम आणि रोजचं काम असे सर्वसाधारण प्रश्न आहेत, पण एवढं सगळं त्या दोन ओळींत कोंबावं लागतं.

यानं काय बिघडतं? बाईला जो प्रश्न लागूच नाही त्याचं उत्तर ती सोडून देते किंवा अंदाजानं देते. सोडलेल्या प्रश्नाच्या जागी त्याच गटातल्या बाकी उत्तरांची सरासरी घालतात. चुकीच्या प्रश्नांवर दोन्ही गट सारखेच गोंधळतात, आणि खरा फरक असलाच तर तो या गोंधळात बुडतो. वजनकाटा बोथट असला की सगळ्या वस्तू सारख्याच वजनाच्या निघतात. म्हणजे परकी प्रश्नावली जशीच्या तशी वापरणारा अभ्यास ‘फरक नाही’कडे आपोआप झुकतो. फरक कोणाच्या बाजूनं आहे हे मी सांगत नाही, कारण ते मोजल्याशिवाय कळणार नाही. फक्त भाषांतरानं हे सुटत नाही. या प्रश्नावलीचं हिंदी रूपांतर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हाही नुसते शब्द बदलून भागत नाही, ते रुग्णांवर तपासून घ्यावं लागतं, हीच पद्धत पाळली गेली. सिनॉप्सिसमध्ये ‘प्रश्नावली मराठीत करून घेऊ’ एवढं लिहून पुढे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेवटची गोष्ट वेळेची. ड्राफ्टनं मधल्या टप्प्यांवरही मोजमाप केलं, पण मुख्य निकाल बारा महिन्यांचा धरला. साठीतल्या, पेन्शन असलेल्या माणसासाठी ते योग्यच आहे, कारण वर्षाअखेर हात बरा झाला की झालं. ऑगस्टमध्ये पडलेल्या मजूर बाईला बारा महिने म्हणजे पुढचा ऑगस्ट. मधली सगळी वेचणी गेलेली असते. तिचा खरा प्रश्न नोव्हेंबरमध्ये आहे. तुमचा मुख्य निकाल कोणत्या दिवशी मोजायचा, हे ठरवताना तुम्ही कुणाच्या कॅलेंडरकडे बघता, हा पद्धतीचा प्रश्न आहे आणि तितकाच माणुसकीचाही.

मग यवतमाळमध्ये बसून काय मोजावं? माझ्या मते एक माप आपल्या डोळ्यांपुढेच आहे : दिवसाला किती किलो कापूस वेचला जातो. मजुरी किलोवर असल्यानं आकडा रोज काट्यावर येतो, आणि बाईला स्वतःचा गेल्या वर्षीचा आकडा साधारण आठवतोही. त्यात अडचणी आहेतच. पहिल्या वेच्याला कापूस जास्त निघतो, शेवटच्याला कमी. वावर चांगलं की हलकं यावरही फरक पडतो. आठवणीतला आकडा फुगतो. शिवाय वेचणीत बोटांचं काम जास्त, मनगटाचं कमी, असा आक्षेप परीक्षक घेतील आणि तो घ्यायलाच हवा. म्हणून हे माप एकटं वापरायचं नाही, प्रश्नावलीच्या शेजारी ठेवायचं. दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर उत्तम. वेगवेगळं सांगत असतील तर तुम्हाला खरा विषय सापडला.

‘आपल्या परिस्थितीतून प्रश्न काढा’ हे उपदेशासारखं वाटत असेल तर तारेचंच एक उदाहरण देतो. मुंबईचे हाताचे सर्जन डॉ. बी. बी. जोशी यांनी याच साध्या के-वायरी घेतल्या, त्यांना बाहेरून छोट्या सळया आणि जोडपट्ट्यांनी बांधलं, आणि हलकी, तुलनेनं स्वस्त अशी चौकट उभी केली. तिला जोशीज एक्स्टर्नल स्टॅबिलायझेशन सिस्टिम, थोडक्यात जेस, म्हणतात. हाताच्या अस्थिभंगापासून जन्मतः वाकड्या पावलापर्यंत ती वापरली गेली. हातात काय आहे आणि समोरच्या रुग्णाला काय लागतं, इथून तो विचार सुरू झालेला दिसतो.

ड्राफ्टच्या दोन्ही चाचण्यांवर मी टीका केली असं कुणाला वाटलं तर पुन्हा सांगतो, त्या उत्तम आहेत. त्यांनी आपल्या रुग्णांसाठी, आपल्या व्यवस्थेतला प्रश्न विचारला आणि प्रामाणिक उत्तर दिलं. टीका आपल्यावर आहे. आपण उत्तर उचललं आणि प्रश्न तिथेच ठेवून आलो.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही शोधनिबंधात ‘फरक नाही’ वाचलं की वहीत चार ओळी लिहा. पट्टा केवढा होता? उपचारासोबत न सांगता आणखी काय काय दिलं होतं? कोणत्या प्रश्नांनी मोजलं? आणि कोणत्या दिवशी? चारही उत्तरं तुमच्या तालुक्यातल्या एका ओळखीच्या माणसाला लावून बघा. जिथे ती बसणार नाहीत, तिथेच तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य आहे.

पुढच्या लेखात, हाच प्रश्न घेऊन नमुन्याचा आकार कागदावर कसा काढायचा, ते पायरीपायरीनं करू.